घराची चूक

“बाई, नुसता शिक्का मारा. बाकी सगळं भरलंय,” असं म्हणत दर्शनाने कागदांची चळत माझ्या टेबलावर ठेवली आणि तिच्यावर पेढ्यांचा बॉक्स ठेवला.

पेढे कशाचे ते तिच्या चेहऱ्यावरच लिहिलं होतं. पोलीस भरतीच्या यादीत तिचं नाव लागलं होतं. मैदानी झाली, लेखी झाली, मेडिकल झालं. आता फक्त चारित्र्य पडताळणी राहिली होती. म्हणजे नेमणूक देण्याआधी खातं बघतं, की उमेदवाराच्या नावावर कुठे गुन्हा तर नाही ना. त्यासाठी एक लांबलचक फॉर्म असतो. सोबत तिने एक प्रतिज्ञापत्रही टाइप करून आणलं होतं. मी वकील आहे तशी नोटरीही आहे. माणूस शपथेवर जे लिहून देतो त्याच्याखाली नोटरीचा शिक्का लागतो. आमच्याकडे लोकांना वाटतं, नोटरी म्हणजे शिक्का. मजकूर वाचायची काय गरज?

मी वाचते. वाईट खोड आहे.

फॉर्मच्या तिसऱ्या पानावर प्रश्न होता, की आपल्याला आजवर कुठल्याही न्यायालयाने दोषी ठरवून शिक्षा किंवा दंड केला आहे काय? त्याच्यापुढे दर्शनाने सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं, ‘नाही’.

पेढा माझ्या तोंडातच होता. ते उत्तर मी पुन्हा एकदा वाचलं. कारण दोन वर्षांपूर्वी तिला शिक्षा झाली तेव्हा तिची वकील मीच होते.

“दर्शना, अगं ती राबाची केस?”

“ती तर मिटली ना बाई,” ती म्हणाली. “तुमीच मिटवलीत.”

ती खोटं बोलत नव्हती. तिला खरंच तसं वाटत होतं. मी तिला बसायला सांगितलं, बॉक्स बंद केला आणि जुन्या डायऱ्या काढल्या.

शहापूर आणि मुरबाड अशा दोन्ही तालुक्यांच्या कोर्टांत मी तीस वर्षं काम करते. हे त्यातल्या कुठल्या कोर्टात झालं ते सांगत नाही. कोर्टाची काही चूक नव्हती, उगाच नाव कशाला घ्या. मी विधी सेवा पॅनेलवर आहे. ज्याला वकील परवडत नाही त्याला सरकार फुकट वकील देतं, ती मी. दर्शनाची केस मला अशीच आली होती.

दर्शनाचं गाव जवळच्या स्टेशनला उतरून शेअर रिक्षाने अर्धा तास आत. डोंगराच्या पायथ्याला भाताची खाचरं आणि वर लगेच जंगल. आमच्या भागात भाताची रोपं टाकायच्या जागेवर आधी राब करतात. शेण, पालापाचोळा, गवत, झाडाची टहाळं पसरायची आणि उन्हाळ्यात ते सगळं भाजायचं. तण मरतं, जमीन तापते, राख होते, रोप जोमाने येतं. हे कोणी कोणाला शिकवत नाही. ज्याच्याकडे चार गुंठे आहेत तोही राब भाजतो.

त्या वर्षी होळीनंतर दर्शनाच्या वडिलांनी, बाळारामदादांनी, राब लावला आणि वारा फिरला. आग बांध ओलांडून जंगलात घुसली. वाळलेलं गवत आणि पाला पेटला, बांबूची दोन-तीन बेटं जळाली. सगळं गाव हिरव्या फांद्या घेऊन धावलं. झोडपून झोडपून आग विझवली. दर्शनाचा डावा हात कोपरापर्यंत भाजला. बाळारामदादांना आधीच दम्याचा त्रास, त्यात छातीत धूर गेला. त्यांना घेऊन आई रात्रीच हॉस्पिटलला गेली.

सकाळी फॉरेस्ट गार्ड पंचनाम्याला आला, तेव्हा घरी एकटी दर्शना. त्याने विचारलं, राब कोणी लावला? ती म्हणाली, आमी. त्याला कागदावर ‘आमी’ चालत नव्हतं, एक नाव हवं होतं. दर्शनाने स्वतःचं नाव सांगितलं, जबाब वाचला आणि सही केली. जबाबावर दर्शनाचं नाव म्हणून केसही दर्शनावरच.

आता कोणी म्हणेल, काय वेडी मुलगी आहे, बापाचा गुन्हा स्वतःवर घेतला. तर तसं नाही. तिच्या मनात घेतला-बितला काहीच नव्हतं. तिच्या गावात अजून गावकी आहे. कोणाची गुरं कोणाच्या शेतात गेली, कोणी बांध कोरला, कोणाकडून पाणी फुटलं, तर देवळापुढे बैठक बसते. तिथे चूक माणसाची नसते, घराची असते. घरातला जो मोकळा असेल तो उठतो आणि म्हणतो, आमच्या घराची चूक झाली. मग एक नारळ फोडायचा आणि विषय संपला. त्यानंतर ती गोष्ट पुन्हा काढायची नाही. कोणी काढलीच, तर चूक काढणाऱ्याची धरतात. हा त्यांचा कायदा. लिहिलेला नाही, पण आमच्या कायद्यापेक्षा जास्त पाळला जातो.

दर्शना त्या दिवशी घरातली मोकळी होती, आणि तिला सही करता येत होती. एवढंच कारण.

केस बोर्डावर आली त्या दिवशी कोर्टात किरकोळ प्रकरणं निकाली काढायची मोहीम होती. फाइल मला त्याच दिवशी सकाळी मिळाली. तिच्यासारख्या अकरा फाइली हातात होत्या. व्हरांड्यात उभ्या उभ्या मी तिच्याशी बोलले. कबूल केलंस तर आज सुटशील, थोडासा दंड होईल. नाही केलंस तर दोन-तीन वर्षं तारखांना यावं लागेल. हे मी सगळ्यांना सांगते, आणि ते खरंही असतं. तेव्हाच ती मला म्हणाली होती, की राब बाबांनी लावला, पण सही माझी हाय. मी विचारलं, मग बाबांना आणायचं का? ती म्हणाली, “नको बाई, त्यांना दम लागतो. कोर्टाची पायरी त्यांनी कदी चढली नाय. मी हाय ना घरातली.”

त्या क्षणी मी थांबायला हवं होतं. जिने गुन्हा केलेला नाही, ती कबूल करायला निघाली होती आणि हे मला माहीत होतं. पण पुढचं नाव पुकारलं गेलं आणि मी आत पळाले.

जज्जसाहेबांनी सगळं रीतसर विचारलं. दोषारोप मराठीत वाचून दाखवला. कोणाचा दबाव आहे का, समजून-उमजून कबूल करता आहात का, असं दोनदा विचारलं. दर्शना म्हणाली, “दबाव नाय साहेब. आमच्या घराची चूक झाली.” स्टेनोने टाइप केलं, ‘मला गुन्हा कबूल आहे.’ ते मी ऐकलं आणि गप्प बसले.

दंड झाला आणि कोर्ट उठेपर्यंतची शिक्षा झाली. ही शिक्षा पुष्कळांना माहीत नसते. संध्याकाळी कोर्टाचं कामकाज संपेपर्यंत आरोपीने तिथेच बसून राहायचं, बाहेर जायचं नाही. कागदावर ती कैदच असते. दर्शना मागच्या बाकावर पोलीस भरतीचं सामान्य ज्ञानाचं पुस्तक वाचत बसली. कोर्ट उठल्यावर माझ्या पाया पडली आणि गेली. मला तेव्हा वाटलं, एक काम चांगलं झालं.

माझा निष्काळजीपणा इथे संपत नाही. पहिलाच गुन्हा असेल, माणूस सरळ असेल, तर कोर्टाला शिक्षा न देता समज देऊन सोडता येतं. त्याला प्रोबेशन म्हणतात. त्याचा मोठा फायदा असा, की तसं सुटलेल्या माणसाला त्या गुन्ह्यामुळे पुढे अपात्र धरत नाहीत, असं कायदाच सांगतो. त्यासाठी वकिलाने एक अर्ज द्यायचा असतो. एक ओळीचा दिला तरी चालतो, तोंडी मागितलं तरी चालतं. बावीस वर्षांची मुलगी, पहिली चूक, स्वतः हात भाजून आग विझवलेली. कुठल्याही जज्जाने दिलं असतं. मी मागितलंच नाही. डायरीत त्या दिवशीची नोंद होती, ‘कबुली, दंड, निकाली’, आणि तिच्यापुढे बरोबरची खूण.

हे सगळं मी पेढ्यांच्या बॉक्ससमोर बसून वाचत होते आणि दर्शना माझ्याकडे बघत होती.

“मग आता हितं काय लिवू?” तिने विचारलं.

प्रश्न सोपा होता, उत्तर मेलं दोन्हीकडून वाईट. ‘नाही’ लिहिलं तर पडताळणीत कोर्टाचा रेकॉर्ड आज ना उद्या निघणार. मग खोटी माहिती दिली म्हणून वर्दी अंगावर चढल्यावरही काढून घेतील. ‘होय’ लिहिलं तर ठरवणं वरिष्ठांच्या हातात. ते म्हणू शकतात, किरकोळ आहे, सोडून द्या. तसंही कधी कधी होतं. मी तिला दोन्ही बाजू सांगितल्या. तिने फॉर्म पुन्हा पुढे ओढला. मग तिने ‘नाही’ खोडलं, शेजारी ‘होय’ लिहिलं आणि खाडाखोडीवर सही केली. वर म्हणाली, पोलीस व्हायचं नि पयल्याच कागदावर खोटं कसं लिवू. मी प्रतिज्ञापत्र त्याप्रमाणे बदलून दिलं आणि सोबत एक पत्रही तयार केलं. गुन्हा कसा घडला, हात कसा भाजला, सगळं त्यात घातलं.

पेढे ती ठेवून गेली. मी ते कारकुनांना वाटले.

आता काम होतं ती शिक्षा वरच्या कोर्टातून रद्द करून घ्यायचं. स्वतःच्या कबुलीवरून शिक्षा झाली, की तिच्यावर साधं अपील चालत नाही. उरते ती रिव्हिजन, म्हणजे खालच्या कोर्टाने काही चुकीचं केलं का ते वरच्या कोर्टाने तपासायचं. तेही ठरलेल्या मुदतीत. आम्हाला दोन वर्षं उशीर झालेला. कागद गोळा करायला मी वनखात्याच्या रेंज ऑफिसला गेले. तिथल्या बाबूने केसचं रजिस्टर माझ्यापुढे उघडून ठेवलं आणि चहा सांगायला गेला.

दर्शनाच्या नोंदीच्या दोनच ओळी वर दुसरी नोंद होती. तोच महिना, त्याच डोंगराची पलीकडची बाजू. एका मुंबईच्या गृहस्थांनी फार्महाउससाठी जागा घेतली होती. झुडपं काढून प्लॉट साफ करायला त्यांच्या माणसांनी आग लावली, ती जंगलात गेली. जळालेलं क्षेत्र दर्शनाच्या केसपेक्षा कितीतरी जास्त. शेवटच्या रकान्यात लिहिलं होतं, ‘तडजोड. प्रकरण बंद.’

वन कायद्यात अशी सोय आहे. किरकोळ गुन्हा असेल तर वनाधिकारी नुकसानभरपाई घेऊन प्रकरण ऑफिसातच मिटवू शकतो. कोर्टाचं तोंड बघायला नको, गुन्हेगार ठरायला नको. मात्र मागावं लागतं, आणि वेळेत मागावं लागतं. त्या गृहस्थांचे वकील होते आमच्याच बारमधले पाटकर. माझे वर्गबंधू. मी त्यांना कँटीनमध्ये गाठलं.

“हो, माझाच पक्षकार,” पाटकर म्हणाले. “पंचनाम्याच्या दिवशीच फोन आला होता. दुसऱ्या दिवशी अर्ज दिला, आठवड्यात मिटलं. का गं, तुला ही तरतूद माहीत नव्हती?”

माहीत होती. पण पॅनेलची फाइल माझ्याकडे येते ती केस कोर्टात उभी राहिल्यावर. त्याच्या आधी रेंज ऑफिसात कोणी तरी जाऊन बोलायचं असतं, आणि गरिबाच्या वतीने तिथे बोलायला कोणालाच नेमलेलं नसतं. पाटकरांनी काही वावगं केलं नव्हतं. एक चांगला वकील जे करतो ते त्यांनी केलं. त्या गृहस्थांना उद्या पासपोर्टचा फॉर्म भरायचा झाला, तर त्याच प्रश्नापुढे ते ‘नाही’ लिहितील आणि ते शंभर टक्के खरं असेल.

लॉ कॉलेजला आम्हाला एक पेपर होता. त्यात दरवर्षी हमखास टीप यायची, कायदा आणि गुन्हा यांविषयी मार्क्सवादी दृष्टिकोन. मी ती घोकून ठेवली होती. समाजात कोण कशाचा मालक आहे, हा पाया, आणि कायदा म्हणजे त्या पायावर चढवलेला इमला. गुन्हा कशाला म्हणायचं ते मालकवर्ग ठरवतो, आणि गुन्हेगार म्हणून पकडला जातो तो बहुतेक खालचा. लिहायची, पाच मार्क घ्यायचे, मोकळं व्हायचं. पुढे वकिलीत आल्यावर मी ते सगळं चळवळवाल्यांचं बोलणं म्हणून सोडून दिलं. मी काही कॉम्रेड नाही. मला वाटायचं, असा अन्याय व्हायला कोणीतरी लाच खावी लागते, कोणीतरी दमदाटी करावी लागते. इथे कोणी काही खाल्लं नव्हतं. गार्डने पंचनामा बरोबर केला, रेंज ऑफिसने नियम पाळला, जज्जसाहेबांनी दोनदा विचारलं. कायदाही दोघांना एकच होता. एकाच्या हाताशी फोनवर वकील होता आणि दुसरीच्या घरात त्या दिवशी सही करणारी ती एकटी. पाच मार्कांच्या टिपेत जे मी लिहिलं होतं ते मला कँटीनच्या खुर्चीत कळलं, तेही स्वतःच्याच हातून झालं तेव्हा. फार वाईट वाटलं. चहा आला तो तसाच ठेवून मी निघाले.

रिव्हिजन पाटकरांनी चालवायची ठरली, फुकट. मी चालवू शकत नव्हते, कारण मला साक्षीदार व्हायचं होतं. माझं स्वतःचं प्रतिज्ञापत्र जोडायचं होतं, की या मुलीला मी नीट सल्ला दिला नाही.

“जपून लिही,” पाटकर म्हणाले. “सनद आहे तुझी. उद्या कोणी हाच कागद घेऊन बार कौन्सिलला गेलं, तर तीस वर्षं पाण्यात.”

मी घरी जाऊन लिहायला बसले. खरं वाक्य एवढंच होतं, की मला घाई होती, मुलगी निर्दोष आहे हे कळूनही मी तिला कबूल करू दिलं, आणि प्रोबेशन मागायचं राहून गेलं. ते मी लिहिलं. मग खोडलं. शेवटी जो कागद दाखल झाला त्यात होतं, ‘कामाच्या व्यापामुळे व वेळेअभावी अर्जदारास सर्व पर्यायांची संपूर्ण माहिती देता आली नाही.’ वकिली भाषा. तिच्यात कोणाचीच चूक नसते.

तारखेच्या आधीच्या आठवड्यात एके सकाळी बाळारामदादा कोर्टात आले. पांढरी टोपी, धुतलेला शर्ट, हातात इनहेलर. मला वाटलं, माझ्याकडे काम असेल. पण ते माझ्याकडे आलेच नाहीत. कोर्टरूममध्ये मागच्या बाकावर जाऊन बसले. जेवणाच्या सुट्टीत सगळे उठले, ते उठले नाहीत. मी म्हटलं, दादा, चला, वडा-पाव खाऊ. त्यांनी नुसती मान हलवली. संध्याकाळी कोर्ट उठलं तेव्हा ते माझ्या टेबलाशी आले. दम लागला होता, म्हणून थोडं थांबून बोलले.

“बसलो बाई. दिसभर बसलो. आता पोरीचं नाव काडा नि माजं लिवा.”

मी त्यांना समजावलं, की असं होत नाही. शिक्षा ज्याच्या नावाची त्याचीच राहते.

“राब मीच लावला ना पण,” ते म्हणाले. “येका दिसानं होत नसंल तर आठ दिस येतो. मला काय काम हाय?”

पुन्हा समजावलं. त्यांना पटलं नाही, पण मला त्रास नको म्हणून त्यांनी मान डोलावली. मी त्यांना रिक्षात बसवून दिलं आणि टेबलाशी परत येऊन, खोटं कशाला बोलू, रडले. तीस वर्षांत कोर्टाच्या आवारात पहिल्यांदा. आमच्या इथला टायपिस्ट बिचारा पाठ फिरवून बसला.

रिव्हिजनची सुनावणी वीस मिनिटं चालली. पाटकरांनी जीव तोडून मांडलं. बावीस वर्षांची मुलगी, घराची चूक आणि माणसाची चूक यातला फरक तिला कळलेला नाही, प्रोबेशनचा विचारच झाला नाही. सरकारी वकिलांनी फारसा विरोधही केला नाही. मग वरच्या कोर्टाच्या जज्जबाईंनी दोन प्रश्न विचारले. पहिला, कबुली नोंदवताना काही नियमभंग झाला का? नाही झाला. दुसरा माझ्या प्रतिज्ञापत्राबद्दल होता. ‘वेळेअभावी’ म्हणजे नक्की काय? सल्ला दिला होता की नव्हता?

मी मागे बसले होते. पाटकरांनी वळून माझ्याकडे पाहिलं. तेव्हा उठून सांगता आलं असतं. मी उठले नाही. पाटकर काहीतरी मोघम बोलले.

निकाल दोन पानी होता. त्यात एक वाक्य आहे, ते मला पाठ आहे. ‘आरोपीतर्फे विधी सेवा पॅनेलच्या अनुभवी वकील हजर होत्या, त्यामुळे कबुली अज्ञानातून दिली असे म्हणता येत नाही.’ ती एकटी उभी असती तर कदाचित सुटली असती. तिच्या मदतीला सरकारने मला दिलं होतं, आणि तिच्याविरुद्ध सगळ्यात भक्कम पुरावा मी ठरले. उशीर माफ करायला पुरेसं कारण नाही म्हणून अर्ज फेटाळला.

महिन्याभरात भरतीचं पत्र आलं. दोषसिद्धी असल्याने निवड रद्द करण्यात येत आहे. तिने खरं लिहिलं याचा पत्रात उल्लेखही नव्हता. त्या पत्राविरुद्ध हायकोर्टात जायचा रस्ता आहे असं मी दर्शनाला सांगितलं. ती म्हणाली, नको बाई, किती वर्षं? तिचं म्हणणं बरोबर होतं. तोवर वयाची अट उलटून गेली असती. ती आता हायवेवरच्या एका गोदामात पॅकिंगला जाते. सकाळी रस्त्यावर धावायची ते तिने बंद केलंय.

त्यानंतर माझ्यात एवढाच बदल झालाय. कबुली द्यायला आलेल्या प्रत्येकाला मी आधी विचारते, पुढे नोकरीचा, भरतीचा, कसला फॉर्म भरायचाय का? प्रोबेशनचा छापील अर्ज पिशवीत ठेवते. जंगलाची केस असेल तर तडजोडीचं विचारल्याशिवाय उभी राहत नाही. मोहिमेच्या दिवशी त्यामुळे माझ्या चार फाइली राहून जातात आणि जज्जसाहेब वैतागतात. वैतागू देत.

पत्र आल्यावर मी एकदा दर्शनाच्या घरी गेले होते. पोटात जे साचलं होतं ते तिला सांगून टाकलं. घाई मला होती, अर्ज करायचा माझ्याकडून राहिला, वरच्या कोर्टात उठून बोलायला हवं होतं तेव्हा मी सनद जाईल या भीतीने बसून राहिले. सगळं, वकिली भाषा न वापरता. बाळारामदादा दाराशी बसून ऐकत होते. तिची आई चुलीपुढून उठून आली. मला वाटलं, आता ही माणसं मला चार शब्द सुनावतील, आणि त्यांनी सुनावावेत असंच वाटत होतं.

दर्शनाने आईकडे बघितलं, मग वडिलांकडे. बाळारामदादांनी मान डोलावली. आई आत जाऊन नारळ घेऊन आली.

“कबूल केलंत ना बाई,” दर्शना म्हणाली. “मग झालं. आता ते परत काडायचं नाय.”

दादांनी उंबऱ्यावर नारळ फोडला आणि अर्धी वाटी माझ्या हातात दिली. त्यांनी त्यांचा शब्द पाळला, त्या घरातल्या कोणी तो विषय पुन्हा काढला नाही. मी मात्र हे लिहून तो पुन्हा काढते आहे. त्यांच्या गावकीच्या हिशेबाने ही माझी दुसरी चूक.